कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचा वर्ग: हात न काढणाऱ्या माणसाशी कसं बोलू? (मदत हवी आहे)

नमस्कार. मालवण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात मी गेलं दीड वर्ष दर रविवारी संध्याकाळी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचा वर्ग घेते. या फोरमवर नाच शिकवणारे, नाटकवाले, कुस्ती-कबड्डीवाले सगळे आहेत म्हणून इथे विचारतेय. प्रश्न नाजूक आहे, आणि तो विचारायला मी आधीच उशीर केलाय.

हा नाच ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन माणसं एकमेकांना टेकतात, थोडा भार देतात, थोडा घेतात. टेकलेली जागा अंगावरून सरकत राहते, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून कमरेच्या कडेला, आणि त्या सरकण्यातूनच नाच होतो. ठरलेली पावलं नाहीत, बहुतेक वेळा गाणंही नसतं. अमेरिकेत १९७२ साली स्टीव्ह पॅक्स्टन यांनी याची सुरुवात केली. ते आधी मर्स कनिंगहॅम या आधुनिक नृत्यकाराच्या कंपनीत नाचत आणि आयकिडो ही जपानी युद्धकला शिकलेले होते, म्हणून पडणं आणि लोळणं यात मुळापासून आहे. मी पुण्यात आणि बंगळुरात कार्यशाळा केल्या. गावी परत आल्यावर वाटलं, हे इथल्या लोकांना लगेच जमेल. आणि जमलंच.

गौरीच्या रात्री फुगडी घातलेल्या बायकांना मागे झुकून दुसरीच्या हातावर भार सोडायला शिकवावं लागत नाही. पहिल्याच रविवारी मी म्हटलं, फुगडी घाला, फक्त गिरकी नको, नुसत्या झुका आणि थांबा. दोघी थांबल्या. हातांची पकड ताणलेली, टाचा जमिनीत रुतलेल्या, आणि दोघींच्या मधली ती रिकामी जागा भारलेली. शहरात हे समजावायला मला दोन-दोन तास लागलेले आहेत. आमच्यात एक गृहस्थ दशावतारात कामं करतात. युद्धाच्या प्रसंगात समोरच्याचा धक्का अंगावर कसा घ्यायचा ते त्यांना इतकं मुरलेलं आहे की मीच त्यांच्याकडून शिकते.

एकूण नऊ-दहा जण. एक आरोग्यसेविका, कॉलेजची दोन मुलं, शिवणकाम करणाऱ्या दोघी, आणि पन्नाशीचे एक गृहस्थ. त्यांच्याबद्दलच विचारायचंय.

हॉल त्यांच्यामुळे मिळाला. चावी त्यांच्याकडे असते. आम्ही पोचायच्या आधी ते येऊन फरशी झाडून, पुसून ठेवतात. माणूस मदतीला धावणारा आहे हे मी मनापासून सांगते. पण नाचताना त्यांचा हात राहतो. म्हणजे पाठीला पाठ लावून सुरुवात होते, जोडीदार वळते, टेकलेली जागा खांद्यापर्यंत सरकते, आणि यांचा तळवा अजून तिच्या कमरेवरच असतो. त्या तळव्यावर भार नसतो, आधारही नसतो. नुसता ठेवलेला असतो. कधी 'पडशील हां' म्हणून सावरायला ठेवतात, ती पडत नसतानाही.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी काय केलं? 'चला, जोड्या बदला' म्हटलं. पुढच्या रविवारी परत तेच. तिसऱ्या रविवारी मी त्यांची जोडी मुद्दाम मुलांशी लावली आणि मला वाटलं, निभावलं. दरम्यान शिवणकाम करणारी एक जण 'पाठ दुखते' म्हणून भिंतीला टेकून बसायला लागली होती. दुसरी मला एसटी थांब्यावर म्हणाली, "ताई, माका नाचूक आवडता, पण तेंच्यावांगडा जोडी नको." गाडी आली, ती चढली, आणि मी तिथेच उभी राहिले.

गाव लहान आहे. उद्या हा विषय भलत्या वाटेने घरोघर गेला तर घरून आधी या दोघींचं येणं बंद होईल, त्यांचं नाही. त्यांना दुखावलं तर हॉलही जाईल. पण हॉलसाठी मी गप्प राहिले तर मी या बायकांना शिकवतेय तरी काय? 'तुमचं शरीर तुमचं ऐकतं' असं मी दर रविवारी म्हणते.

तर, त्यांच्याशी कसं बोलावं? एकटीने की कुणाला सोबत घेऊन? आणि सगळ्यांसाठी नियम घालायचे तर ते कसे मांडावेत, म्हणजे लोक आखडून जाणार नाहीत? हॉल गेलाच तर पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर, वर्ग घेता येईल का, हेही सांगा.

पुळणकाठ:
तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार सांगतील. पुळणीवर होईल, पण वेळ समुद्राची, तुमची नाही. कोरडी वाळू पाय गिळते, रेटा द्यायला जमीनच मिळत नाही. ओहोटीची ओली, घट्ट वाळू हवी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमारास भरती, म्हणजे चारच्या आसपास पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. त्रयोदशी ते प्रतिपदा एवढेच दिवस संध्याकाळी रुंद पुळण मिळते, पौर्णिमेला एकदा आणि अमावास्येला एकदा. रविवार धरून बसलात तर महिन्यातून एखाददुसराच जमेल. लोळायला चांगली, पडायला नाही, ओली वाळू फरशीइतकीच लागते. खाऱ्या वाळूने कोपर आणि मानेची कातडी सोलवटते, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि पर्यटक मोबाइल काढून उभे राहतात. तुमच्या बायकांना ते चालेल का, हे आधी विचारा.

सांधेजोड:
मी पुण्यात काही वर्षं जॅम भरवतो, म्हणजे हा नाच मोकळेपणाने एकत्र नाचायच्या बैठका. ताई, हे जवळपास प्रत्येक जॅममध्ये कधी ना कधी होतं, त्यामुळे तुमच्याच गावाला खोट आहे असं समजू नका.

एक जुनी गोष्ट सांगतो, ती इथे लागू आहे. सुरुवातीच्या काही वर्षांतच न शिकलेले लोक हा नाच शिकवताहेत, माणसं दुखावताहेत असं पॅक्स्टन आणि त्यांच्या सोबत्यांच्या कानावर यायला लागलं. १९७५ च्या सुमारास नावाचं मालकी हक्काने रजिस्ट्रेशन करायचा विचार झाला. त्यांनी तो सोडला आणि त्याऐवजी एक वार्तापत्र काढलं, त्याचंच पुढे 'कॉन्टॅक्ट क्वार्टरली' झालं. म्हणजे परवाना देणारं कुणी नाही आणि काढून घेणारंही कुणी नाही. तक्रार वर न्यायला वर कुणी बसलेलं नाही. जो जॅम भरवतो, जबाबदारी त्याची. इथे ती तुमची आहे.

बोलायचं असेल तर रविवारच्या आत बोला, आणि वर्गात नको. एकटीने बोललात तरी चालेल, पण उघड्या जागी, चहाच्या टपरीजवळ वगैरे, आणि गटातल्या एका विश्वासाच्या माणसाला आधी सांगून ठेवा. हेतूवर एक अक्षर बोलू नका. हेतूवर बोललात की ते हेतू सिद्ध करत बसतील आणि तुम्ही ऐकत बसाल. जे दिसलं तेवढंच सांगा: टेकलेली जागा पुढे गेली तरी तुमचा हात मागे राहतो, तो काढायचा. हे नाचाचंच तंत्र आहे, त्यामुळे सांगायचा तुम्हाला शिक्षक म्हणून पूर्ण अधिकार आहे. त्या दोघींची नावं घेऊ नका. 'मला दिसलं' म्हणा, कारण दिसलंच आहे.

नियमांबद्दल. आम्ही दर वेळी पहिली दहा मिनिटं जोडी सोडून जाण्याचा सराव करतो. टेकायचं, भार द्यायचा, आणि मध्येच कारण न सांगता उठून जायचं. मागे राहिलेल्याने उभं राहून 'बरं' म्हणायचं. पहिल्यांदा सगळ्यांना अवघड जातं, निघून जाणाऱ्यालाही आणि उरणाऱ्यालाही. चार-पाचदा केलं की अंगवळणी पडतं. भिंतीवर नियम लावून हे येत नाही, पायांना यावं लागतं. कॉलेजची मुलं १८ वर्षांखालची असतील तर त्यांच्या घरच्यांशी बोलल्याशिवाय मोठ्यांबरोबर जोडी लावू नका.

थरातला:
मी रत्नागिरीचा, गोविंदा पथकात पंधरा वर्षं. आमच्या थरात हात कुठे ठेवायचा हे ठरलेलं असतं, खांद्यावर म्हणजे खांद्यावर. वरचा उतरला की खालच्याने हात काढायचा, नाही काढला तर दुसऱ्याचा तोल जातो. त्या गृहस्थांना असं काही उदाहरण देऊन सांगता येईल. मला मात्र मनापासून वाटतं की बायकांचा वर्ग वेगळा घ्या. तुमचा त्रास वाचेल.

भिंतीला टेकलेली:
मी तुमच्या वर्गातली नाही, पण एका शहरात अशाच वर्गात 'पाठ दुखते' म्हणून बसणारी मी होते. दोन महिने बसले, मग जायची थांबले. शिकवणाऱ्या बाईंना कळलं होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. त्या माझ्याकडे बघून हसायच्या, फार प्रेमाने. मला त्यांनी एकदा बाजूला घेऊन नुसतं विचारायला हवं होतं, 'पाठ खरंच दुखते का?' मी रडले असते, पण थांबले असते. तुम्ही आधी तिच्याकडे जा. त्यांच्याकडे नंतर.

वेगळ्या वर्गाबद्दल: चूक त्याची आणि मुलांशी, दशावतारातल्या त्या काकांशी नाचायचं बंद व्हायचं तिचं. हे नको.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. 'भिंतीला टेकलेली', तुमचा प्रतिसाद मी रात्री तीनदा वाचला. सकाळी तिच्या घरी गेले. मशीनवर ब्लाउज होता. मी विचारलं, पाठ खरंच दुखते का? तिने पाय पॅडलवरून काढला आणि दोऱ्याशी चाळा करत म्हणाली, "नाय." बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग मी म्हटलं, मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं आणि मी बोलले नाही, माझं चुकलं. ती म्हणाली, माका वाटला माकाच तसा वाटता.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

गुरुवारी त्यांच्याशी बोलले, जेटीजवळ. सांधेजोड यांनी सांगितलं तसंच, तळव्याबद्दल आणि तेवढंच. ते आधी म्हणाले, मी मुलीसारख्या समजतो सगळ्यांना. मी म्हटलं, समजण्याबद्दल मी बोलतच नाहीये, हाताबद्दल बोलतेय. मग त्यांच्याच हातावर माझा हात ठेवून दाखवला, मी वळले आणि हात तिथेच ठेवला. त्यांनी खाली बघितलं. त्यांना कळलं की नाही हे मला सांगता येणार नाही. दोन आठवडे येत नाही म्हणाले आणि खिशातून चावी काढून माझ्या हातात दिली. रागाने नाही दिली, पण प्रेमानेही नाही.

काल वर्ग झाला. सोडून जाण्याचा सराव घेतला. दशावतारातल्या काकांना 'बरं' म्हणून मागे उभं राहायला सगळ्यात जड गेलं. ते म्हणाले, रंगमंचावर समोरचा असा निघून गेला तर आम्ही त्याला हाक मारून परत आणतो. शेवटी पॅक्स्टन यांचा 'स्मॉल डान्स' केला. नुसतं उभं राहायचं आणि पडू नये म्हणून अंग आतल्या आत काय काय करतं ते बघायचं. ती भिंतीजवळच उभी होती, पण टेकलेली नव्हती.

आता दोन गोष्टी उरल्यात. ते परत आले तर पहिले काही रविवार त्यांची जोडी माझ्याशीच ठेवावी असं वाटतंय, म्हणजे हात राहिला की तिथल्या तिथे सांगता येईल. की यात मी परत बाकीच्यांना नुसतं माझ्या आड ठेवतेय? ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा. आणि चावी एका माणसाकडे राहू नये म्हणून हॉलच्या समितीला गटाच्या नावाने अर्ज करणार आहे. असा अर्ज कुणी लिहिला असेल तर मजकूर पाठवा.

सांधेजोड:
जोडी तुमच्याशी ठेवा, पण तीन रविवारांच्या वर नको. त्यानंतर ज्या बायका स्वतःहून हो म्हणतील त्यांच्याशीच, आणि हे त्यांना विचारताना ते समोर नकोत. पुन्हा तेच दिसलं तर येऊ नका म्हणून सांगायची तयारी आत्ताच ठेवा. अर्जाचा नमुना व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आणि फरशी कसली आहे? शहाबादी असेल तर सतरंजीवर नाचू नका, ती सरकते आणि सुरकुतीत पाऊल अडकतं.

धागाकर्ती:
शहाबादीच आहे, आणि सतरंजीच घालतो. मागच्या पावसाळ्यात ओल सुटली तेव्हा एकीचा घोटा मुरगळला होता. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट कुणी वापरल्या आहेत का? फार मऊ नकोत, भार घेतला की पाय रुततो. साधारण चाळीस बाय पंधरा फुटांचा हॉल आहे, पण अर्ध्या भागापुरत्या मिळाल्या तरी पुरेत. कबड्डी किंवा ज्युदोच्या जुन्या मॅट कोणी विकत असेल तर कुडाळपर्यंत मी टेम्पो करून नेईन.