होहोकाम वस्ती: दारांच्या दिशेत पॅटर्न का सापडत नाही?

काटोल_नाका:
ॲरिझोनातल्या एका होहोकाम (तिथली प्राचीन संस्कृती) गावाचा छापील नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलाय. २ हेक्टरांत ४० गर्तनिवास, म्हणजे खड्डा खणून बांधलेली घरं. घरं अंगणाभोवती बसलेली स्पष्ट दिसतात, पण दारांच्या दिशांवर रॅले चाचणी (दिशा एकाच बाजूला झुकतात का ते बघणारी) लावली की निकाल 'रँडम'. क्लार्क-इव्हान्सचा आर (शेजारच्या घरांच्या अंतरांवरून काढलेला आकडा; १ म्हणजे कशीही विखुरलेली, त्याहून कमी म्हणजे गटांत) मात्र ०.६३ येतो. चुकतंय कुठे? नंतर हेच नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांवर करायचंय.

चूल_आणि_चौक:
रॅले अख्ख्या गावाची मिळून एक दिशा शोधते. इथे उत्तरेच्या घराचं दार दक्षिणेला, दक्षिणेच्या घराचं उत्तरेला. बाण एकमेकांना खोडतात. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड विल्कॉक्स यांनी स्नेकटाउन या होहोकाम गावाच्या नकाशावर अंगणगट दाखवले ते दारांच्या याच समोरासमोर असण्यावरून.

म्हणून दाराची दिशा आणि घरापासून अंगणाच्या मध्याकडची दिशा, यांतला कोन काढा. कोन शून्याभोवती गोळा झाले तर अंगण खरं. गट मात्र फक्त घरांच्या मध्यबिंदूंवरून पाडा. दारं बघून गट पाडले आणि दारांवरच तपासले, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. मग घरं जागेवर ठेवून दारांच्या दिशा आपसात ९९९ वेळा बदलून बघा, खरे कोन त्यांहून जास्त गोळा झालेत का.

दाराच्या दिशेची रेघ चुलीपासून पुढे आलेल्या प्रवेशवाटेच्या टोकापर्यंत ओढा. चूल दाराच्या आत लगेच असते. घराचे कोपरे गोलसर, त्यामुळे भिंतीला काटकोन काढून मोजलं की फसगत होते. आणि साधी सरासरी नको: ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० येते, म्हणजे नेमकी उलटी.

उत्तर_रेषा:
भाऊ, त्या ०.६३ वर इतक्यात विसंबू नका. २ हेक्टर धरले तर अपेक्षित अंतर (घरं कशीही विखुरली असती तर सर्वांत जवळच्या घरापर्यंतचं) ११.२ मीटर, तुमचं सरासरी ७. तीच घरं १ हेक्टरच्या चौकटीत मोजा: अपेक्षित ७.९, आर ०.८९. चौकट खणलेल्या भागाचीच घ्या, नकाशाच्या कागदाची नाही.

एकमेकांना छेदणारी घरंही तपासा. मध्यबिंदू २ मीटरवर असलेली दोन घरं शेजारी नव्हेत, एक पडल्यावर दुसरं बांधलंय. आधी कालखंडानुसार थर वेगळे करा. ज्यांचा काळ ठरत नाही ती घरं बाजूला.

नकाशावरची उत्तर चुंबकीय आहे का तेही बघा. नागपुरात खऱ्या उत्तरेपासून तिचा फरक एका अंशाच्या आत, म्हणून इकडे कुणी लक्ष देत नाही. ॲरिझोनातल्या १९३०च्या दशकातल्या नकाशांत तो १० अंशांहून जास्त, पूर्वेकडे. अंगणाचे कोन त्याने बदलत नाहीत, कारण सगळंच सारखं फिरतं. पण दोन गावं एकत्र घेतलीत की बिघडतं.

जुनापाणीला दारांचा भाग लागूच होत नाही, वर्तुळांना दार नाही. तिथे अंतरांचंच काम, आणि चौकटीचा प्रश्न तोच.