व्हर्सायला गर्दी होती म्हणून रडणाऱ्यांसाठी

तेरणाकाठ
काल इथं एका निवृत्त साहेबांनी लिहिलं, "व्हर्सायचा राजवाडा म्हणजे नुसती ढकलाढकली. तीन तास लोकांच्या पाठी पाहिल्या. त्यापेक्षा आपला बीबी का मकबरा बरा." वाचल्यापासून डोकं भणभणायलंय, म्हणून लांबडं लिहितेय.

साहेब, तो राजवाडा रिकामा होता कधी? फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं १६८२ मध्ये सगळा दरबार पॅरिसजवळच्या या व्हर्सायला हलवला, हजारो माणसं आणून कोंबली. वर बाहेरच्यांनाही मज्जाव नव्हता. कपडे नीटनेटके पाहिजेत अन् पुरुषाच्या कमरेला तलवार पाहिजे. नसली तर फाटकावर भाड्यानं मिळायची! म्हणजे तेव्हाही लोक राजाला बघायला धक्केच खायचे. त्या राजवाड्यातला निवांत आरसेमहाल फक्त कॅलेंडरवर असतो. तुळजापूरला नवरात्रात सहा-सहा तास रांगेत उभे राहता, तेव्हा कुठं जाते ही तक्रार?

बेगमपुरा
ते साहेब मीच. भवानी माझं कुलदैवत आहे, लुई माझा कोण लागतो? देवीचं मुखदर्शन झालं तरी माणूस समाधानानं घरी येतो. आरसेमहालाचं मुखदर्शन घेऊन काय करू? ७३ मीटर लांबी, ३५७ आरसे, १७ खिडक्या, सगळं पाठ करून गेलो होतो. पहिल्या महायुद्धानंतरचा २८ जून १९१९ चा तह तिथंच झाला, भारताच्या बाजूनं सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराज गंगासिंह होते, ती जागा बायकोला दाखवायची होती. तिला दिसली काय, तर एका धिप्पाड गड्याची पाठपिशवी. त्या पिशवीची चेन हिच्या नाकाला लागत होती.

मांजरापट्टा
वार कोणता होता साहेब?

बेगमपुरा
मंगळवार. कामून?

मांजरापट्टा
झालं मग! मंगळवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असतं, तिथली सगळी गर्दी व्हर्सायच्या गाडीत बसते. सोमवारी व्हर्साय बंद. अजिंठा सोमवारी बंद अन् वेरूळ मंगळवारी, हे तुम्ही आल्या-गेल्या पाहुण्याला सांगत असाल की. स्वतः निघालात तेव्हा कसं विसरलात?

बेगमपुरा
वार मी ठरवला नाही, सहलवाल्यानं ठरवला. आठ दिवसांत पाच देश. सकाळी साडेसातला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, नाहीतर बस सुटते. तुम्ही पैसे भरून जाऊन या, मग बोलू.

जालन्याचं लोखंड
मला गर्दीचं काही नाही वाटलं, दुसराच राग आला. आईला नेलं होतं, गुडघे गेलेले. खोलीतून खोली, खोलीतून खोली, वरती सोनंच सोनं. सातव्या-आठव्या खोलीत तिनं लुगड्याचा पदर खोचला अन् विचारलं, "बाबा, एवढ्या मोठ्या घरात मोरी कुठंय?" काय सांगू? अंघोळीचा पत्ता नाही अन् बाहेर कारंजी शेकड्यानं!

तेरणाकाठ
खोटं आहे हे. लुईनं स्वतःसाठी अख्खं स्नानगृह बांधून घेतलं होतं. काहीही ठोकायचं.

खापरी नळ
पाण्याचं निघालंच आहे तर बोलतो. त्या कारंज्यांसाठी लुईनं सीन नदीवर मार्लीला पाणी उपसणारं चौदा चाकांचं धूड बसवलं. १६८४ ला सुरू झालं. खडखडाट असा की शेजारी राहणारे वैतागले. तरी सगळी कारंजी एका वेळी चालेनात! राजा बागेत निघाला की कामगार एकमेकांना शिट्ट्या मारायचे, पुढचं कारंजं सुरू, मागचं बंद. आणि आमच्या मलिक अंबरनं त्याच्या साठेक वर्षं आधी डोंगरातलं पाणी खापरी नळांतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. ना चाक, ना खडखड. पाणचक्कीचंच बघा, अंबरनं बांधलेली…

जालन्याचं लोखंड
टँकरच्या नंबरात घागर घेऊन उभं राहिलं की हे ऐकायला लई गोड लागतं. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो, तोही रात्री दोनला.

तेरणाकाठ
पाणचक्की अंबरची नव्हे. अंबर वारला १६२६ ला. पाणचक्की १७४४ ची, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची. तिथं येणाऱ्यांसाठी दळण दळायला.

खापरी नळ
ताई, मी तिथंच लहानाचा मोठा झालोय. त्या हौदाच्या काठावर बसून आंबे खाल्लेत. मोबाइलात बघून आम्हाला शिकवायलात का?

तेरणाकाठ
आंबे खाऊन साल कळत नसतं.

खापरी नळ
बरं बाई, चक्की नंतरची. नहर तरी अंबरची आहे ना? का तीही लुईनंच खोदली?

मांजरापट्टा
गंमत म्हणजे लुई व्हर्सायला राहायला गेला त्याच १६८२ मध्ये औरंगजेब आपल्याकडं येऊन उतरला. एकानं आरसे लावले, दुसऱ्यानं पंचवीस वर्षं तंबू.

जालन्याचं लोखंड
हा विषय इथं काढू नका, रात्रभर संपायचा नाही. मला सकाळी कारखान्यात जायचंय.

तेरणाकाठ
मूळ प्रश्न राहिलाच. साहेब, पुढच्या वेळी बुधवारी जा, दार उघडायच्या आधी अर्धा तास उभे राहा, मग सांगा.

बेगमपुरा
कुठली पुढची वेळ? फंडातले पैसे काढून गेलो होतो. मंगळवारचं म्हणता ते मान्य, सहलवाल्यानं फसवलं. तुमच्या भाड्याच्या तलवारीचंही मान्य. पण त्या काळी धक्के खाणारा माणूस चार कोसांवरचा होता, त्याला पुन्हा येता येत होतं. आम्ही एकदाच जाणार. त्यातही एकच फोटो बरा आलाय, आरशात ही अन् हिच्या मागं अठ्ठावीस परकी डोकी. मोजलीत मी.

तेरणाकाठ
हे कालच लिहिलं असतं तर मी एवढी भांडले नसते. मकबऱ्याचं मात्र अजून पटलेलं नाही. रविवारी जाऊन बघा तिथं.

खापरी नळ
मकबऱ्यावरून परतताना पाणचक्की लागतेच. कोण येतंय?