डीएनए ‘वितळतो’ की त्याचे पेड सुटतात?

कोशकीटक: टाऊ या मेंदूतल्या प्रथिनावरच्या एका लेखाचं भाषांतर तपासतोय. त्यात वाक्य आहे, ‘टाऊ चिकटलं की डीएनएचा द्रवणांक वाढतो आणि त्याची प्रत निघणं अवघड होतं.’ द्रवणांक बर्फाला, मेणाला. डीएनएला काय म्हणावं?

मीठभाकर: द्रवणांक नकोच, इथे काहीही पातळ होत नाही. तापवल्यावर डीएनएच्या दोन साखळ्यांमधले हायड्रोजन बंध तुटतात. या बंधांनी जुळलेल्या निम्म्या जोड्या ज्या तापमानाला सुटतात, ते हे तापमान. मी ‘पीळ सुटणे’ म्हणेन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तर टाऊचंच वर्णन!

रेशीमगाठ: म्हण झकास, पण पीळ वेगळा. तो कमी-जास्त झाला तरी साखळ्या एकमेकींना धरून राहू शकतात. तापवल्यावर सुटतात ते पेड, वेणीचे असतात तसे. डीएनए दुपेडी, म्हणून ‘पेड सुटण्याचं तापमान’.

टाऊ १९७५ साली प्रिन्स्टनला सापडलं ते मेंदूतल्या पेशींना आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका उभारणारं प्रथिन म्हणून. ते पेशीकेंद्रकातही असतं, हे बरंच नंतर कळलं. त्याचे धन भाराचे भाग डीएनएच्या ऋण भाराकडे ओढले जातात, त्याच्या अरुंद खाचेत बसतात आणि पेड सहज सुटू देत नाहीत. प्रत काढणाऱ्या पॉलिमरेजला तर सुटे पेडच लागतात. पीसीआरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याच्या पद्धतीत, नमुना ९५ अंशांच्या आसपास तापवतात तो त्यासाठीच.

कोशकीटक: मग ‘प्रत’ राहू दे?

मीठभाकर: कसली प्रत ते लिहा. डीएनएवरून डीएनए झाला तर प्रतिकृती, आरएनए झाला तर प्रतिलेखन. हा दुसरा शब्द दहावीच्या पुस्तकातच आहे. पूर्ण वाढलेली चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे तिथे अख्ख्या डीएनएची प्रतिकृती निघण्याचा प्रश्नच नसतो. परीक्षानळीतला निष्कर्ष सरळ मेंदूवर चिकटवू नका.

रेशीमगाठ: शिवाय ‘अवघड होतं’ एवढंच लिहिलं तर टाऊ खलनायक ठरतं. उंदरांच्या चेतापेशींना उष्णतेचा ताण दिला, तेव्हा केंद्रकातल्या टाऊनं डीएनए तुटण्यापासून वाचवला, असं २०११ मध्ये दिसलं. अल्झायमरमध्ये टाऊवर फॉस्फेट वाजवीपेक्षा जास्त चढतात. तेही ऋण भाराचेच, त्यामुळे डीएनएवरची पकड सैल होऊ शकते.

कोशकीटक: असं लिहितो: ‘परीक्षानळीत टाऊ डीएनएला चिकटलं की पेड सुटायला जास्त तापमान लागतं, म्हणून प्रतिकृती निघणं अवघड होतं.’

मीठभाकर: चालेल. ‘दुपेडी’ पहिल्या वाक्यातच येऊ द्या, नाहीतर कुणीतरी पेड म्हणजे पैसे दिलेला असं वाचेल.