मदत हवी आहे: एल्कसाठी स्कोप घेतोय, टरेटवर यार्ड कोरून घ्यावेत की साधा एमओए बरा?

नमस्कार मंडळी,

कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. यंदा ऑक्टोबरअखेरीस फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांकडे एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं आहे आणि त्याआधी जुना 3-9 पट मोठं दाखवणारा स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) बदलायचाय. टरेट म्हणजे स्कोपवरची फिरवायची चकती, तिच्या एकेका क्लिकनं नेम वर-खाली सरकतो; एमओए हे त्या सरकण्याच्या कोनाचं माप, 100 यार्डांवर साधारण एक इंच. अमेरिका-कॅनडात शिकार करणारे किंवा लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे कुणी इथे असतील तर सल्ला द्या. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे; इथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या भागात करता येते. शिकार करावी की करू नये यावर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की येईन.

रायफल 6.5 क्रीडमूर, नळी 22 इंची, काडतूस हॉर्नडीचं, 143 ग्रेन वजनाच्या ईएलडी-एक्स गोळीचं. कंपनी वेग 2700 फूट प्रति सेकंद सांगते, पण तो 24 इंची नळीचा. माझ्या रायफलीतून क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) सरासरी 2640 भरतो. झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते ते अंतर, 200 यार्डांवर आहे. एल्कसाठी जुनेजाणते 1500 फूट-पौंड ऊर्जा हवी म्हणतात आणि माझ्या काडतुसाची ती 400 यार्डांच्या आसपास संपते. त्यामुळे त्यापुढे बार टाकायचाच नाही हे पक्कं आहे. इतकं मोठं जनावर पोटात गोळी घेऊन दरीत उतरलं तर रात्रभर तडफडतं, आणि सापडेलच असं नाही. ते माझ्या हातून व्हायला नको.

200 ला झिरो असताना 300 यार्डांवर गोळी साधारण आठ इंच खाली येते, 400 वर पावणेदोन-दोन फूट. म्हणजे 300 पर्यंत अंदाजानं थोडं वर धरून भागतं, पुढे नाही. कस्टम टरेटवर क्लिकच्या आकड्यांऐवजी थेट अंतरंच कोरलेली असतात. रेंजफाइंडरनं 350 दाखवलं की टरेट साडेतीनवर आणायचा, स्कोपमधली फुली एल्कच्या खांद्यामागे धरायची आणि चाप ओढायचा. चढ चढून धाप लागलेली असताना, हातमोज्यातली बोटं आखडलेली असताना खिशातली चिठ्ठी काढून कुठल्या अंतराला किती क्लिक ते आकडे बघत बसण्यापेक्षा हे मला फार पटतं.

अडचण अशी की हा टरेट एका काडतुसाचा, एका वेगाचा आणि एका हवेचा. ऑर्डर देताना गोळीचा बीसी (ती हवेचा अडथळा किती सहज कापते तो आकडा), वेग, झिरो, नळीपासून स्कोपची उंची, शिकारीच्या जागेची उंची आणि तापमान, सगळं कळवावं लागतं. आधी मला हवेचीच जास्त धास्ती होती: सराव 5000 फुटांवर आणि शिकार 9500 वर. पण हिशेब मांडला तर वेगळंच निघालं. उन्हाळ्यात इथे 30 अंशांना हवा इतकी विरळ असते की डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून काढलेली उंची) 8000 फुटांच्या घरात जातो. वर पहाटे उणे 10 असेल तर तो पावणेनऊ हजारांच्या आसपास. 400 यार्डांवर हा फरक एका क्लिकचाही नाही. समुद्रसपाटीचे आकडे देऊन कोरला असता तर मात्र गोळी दीड-दोन इंच वर लागली असती.

खरी शंका काडतुसातल्या दारूची आहे. 2640 हा वेग मी भर उन्हात मोजलाय. थंडीत 40-50 नं उतरला तर 400 ला गोळी इंचभर खाली. मग ऑर्डरमध्ये कुठला वेग लिहू?

दुसरं, स्कोप कुठला? ल्युपोल्ड व्हीएक्स-5एचडी 3-15x44 सीडीएस (म्हणजे कस्टम डायल बसणारा टरेट) डोक्यात आहे. पहिला कस्टम डायल सोबत फुकट मिळतो आणि झिरोला कुलूप आहे. कुलूप मला हवंच. गेल्या हंगामात म्यानातून रायफल काढताना सोबत्याचा उघडा टरेट फिरला होता, त्यानं बार टाकण्याआधी बघितलं म्हणून निभावलं. दुसरा पर्याय व्होर्टेक्स रेझर एलएचटी 3-15x42, साधा एमओए टरेट आणि चिठ्ठी. दोन्ही अर्ध्या किलोच्या थोडे वर. स्वारोव्स्कीचा रंगीत खुणांचा टरेट बघितला, सुंदर आहे, पण माझ्या बजेटबाहेर.

प्रतिसाद

दादा, मी माँटानात असतो. आधी कोरूनच घेऊ नका. स्कोप आणा, टरेटभोवती रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी गुंडाळा आणि 250, 300, 350, 400 वर प्रत्यक्ष मारून जिथे गोळी बसते तिथे पेनानं खूण करा. सप्टेंबरअखेर एखाद्या गार सकाळी, काडतुसं रात्रभर बाहेर ठेवून, पुन्हा मारा. वेगही तेव्हाच मोजा आणि तोच ऑर्डरमध्ये लिहा. खुणा आणि गणित जुळलं की मग कोरा.

त्याआधी 100 यार्डांवर उंच कागद लावून 10 एमओए फिरवून बघा, गोळी 10.47 इंच सरकली पाहिजे. नाही सरकली तर कितीही नीट कोरलेला डायल चुकणारच.

आणि वाऱ्याचं काय? ताशी 10 मैलांचा आडवा वारा 400 ला गोळी सात-आठ इंच ढकलतो. टरेट त्यात काही करत नाही. आडव्या रेषेवर खुणा असलेलं रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) घ्या. स्कोप सेकंड फोकल प्लेनचा (झूम बदलला तरी फुली तेवढीच दिसणारा) असेल तर त्या खुणा बहुधा पूर्ण झूमवरच खऱ्या असतात, हे विसरू नका. उतारावर मारताना रेंजफाइंडर कोन धरून जे अंतर देतो तेच टरेटवर घ्यायचं.

धागाकर्ता

मनापासून आभार. चिकटपट्टीचा उपाय एकदम पटला, आता तसंच करतो. व्हीएक्स-5एचडी वाऱ्यासाठी खुणा असलेल्या विंड-प्लेक्स रेटिकलमध्ये मिळतो, तोच घ्यावा असं वाटतंय.

एक राहिलं. वारा मोजायला तुम्ही हातातलं यंत्र वापरता का? आपण उभे असतो तिथला वारा त्यावर कळेल, पण दरीपलीकडे एल्क उभा आहे तिथला कसा ओळखता? गवत आणि अॅस्पेनची पानं बघून मला अजून नीट जमत नाही. वारा कळत नसेल तेव्हा तुम्ही किती यार्डांवर थांबता?