वडिलांच्या पश्चात राहिलेली शस्त्रे: वर्गवारी कशी करावी आणि किंमत कोणाकडून ठरवून घ्यावी?

जनकगंजची लेक (ग्वाल्हेर):

माझे वडील गेल्या महिन्यात वारले. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात जनकगंजच्या आमच्या जुन्या घरात, माजघरालगतच्या खोलीत त्यांची शस्त्रे एका लोखंडी कपाटात कुलूपबंद आहेत. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत चाकरीला होते, त्यामुळे काही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत आणि काही आजोबांनी व वडिलांनी विकत घेतलेल्या आहेत. दरवर्षी खंडेनवमीला वडील ती सगळी पाटावर मांडून स्वतः तेलाच्या फडक्याने पुसत आणि आम्हा भावंडांना फक्त हळदकुंकू वाहण्यापुरते पुढे बोलावत. कोणती वस्तू काय आहे, हे विचारायचे राहूनच गेले.

कपाटात मला पुढील गोष्टी दिसल्या. ग्रीनर, बर्मिंगहॅम असे कोरलेली १२ बोअरची दुनळी आणि ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल, या दोन्हींची नोंद वडिलांच्या परवान्यात आहे. एक लांबलचक तोडेदार (पेटत्या वातीने बार उडवायची) बंदूक असून तिच्या नळीवर सोनेरी वेलबुट्टी आहे. एक ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची, टोपीदार बंदूक आहे, तिच्या चापाच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ असा शब्द आहे. याशिवाय तीन तलवारी, एक दांडपट्टा, एक कट्यार, आणि बिस्किटांच्या डब्यात कागदी आवरणाची जुनी काडतुसे आहेत. एका दुकानाची २०२० सालची जमा पावतीही सापडली, ती एका एकनळीची आहे. आणि सर्वांत खाली, तांबड्या फडक्यात गुंडाळलेले एक रिव्हॉल्व्हर आहे, ज्याची नोंद मला कोणत्याही कागदात सापडली नाही.

पुण्याचा भाऊ म्हणतो, सगळे विकून पैसे तिघांत वाटून घ्या. इंदूरची बहीण म्हणते, काहीही विकायचे नाही. वाटणी करायची तर आधी किंमत कळली पाहिजे, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त कारकून (ग्वाल्हेर):

ताई, आपल्या वडिलांच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. मी बरीच वर्षे शस्त्र परवान्यांच्या फायली हाताळल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो की आपण प्रश्न उलट्या टोकाने धरला आहे. बंदूक कायद्याने कोण घेऊ शकतो यावर तिची किंमत ठरते, म्हणून आधी कायद्याच्या दृष्टीने ढीग वेगळे करावेत आणि मग पारख्याला बोलवावे.

पहिला ढीग परवान्यावरच्या दोन बंदुकांचा. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो आणि तिच्याबरोबरच संपतो, त्यामुळे आज त्या दोन्ही बंदुका आपल्या घरात कोणाच्याच परवान्यावर नाहीत. १९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम २१ म्हणते की अशा वेळी शस्त्र व काडतुसे अनावश्यक विलंब न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावीत. जमा केल्याने मालकी जात नाही. २०१६च्या शस्त्र नियमांतील नियम २५ प्रमाणे वारस स्वतःच्या नावाने परवाना मागू शकतो, त्यासाठी बाकीच्या वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. लेकीचा हक्क लेकाइतकाच असतो, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो, कारण आमच्या कचेरीत बहिणींच्या सह्या नंतर ‘जुळवून’ आणणारे भाऊ मी पाहिले आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकांनाही तीच मर्यादा लागू आहे. त्यापूर्वी ही मर्यादा तीन होती. २०२०ची पावती त्यातलीच असणार: वडिलांनी तिसरी बंदूक मुदतीत जमा केली. त्या दुकानात आधी जाऊन एकनळीची आजची स्थिती लेखी घ्या, कारण जमा ठेवलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत विकले वा सोडवले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते.

दुसरा ढीग ठासणीच्या दोन बंदुकांचा, म्हणजे तोडेदार आणि ‘टॉवर’ यांचा. ‘जुनी म्हणजे परवान्याची गरज नाही’ ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ची सवलत कालबाह्य घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला मिळते खरी, पण ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तरच. तोडेदार बंदुकीची नळी शाबूत असेल आणि कान (बत्ती देण्याचे छिद्र) उघडा असेल, तर ती शोभेची वस्तू आहे हे आपल्या म्हणण्याने ठरत नाही, पोलिसांच्या शस्त्र तपासनिसाचे लेखी मत लागते.

तिसरा ढीग म्हणजे ते रिव्हॉल्व्हर. त्याला हात लावू नका, कोणाला दाखवू नका आणि विकण्याचा विचारही मनात आणू नका. बिनपरवाना बंदूक बाळगण्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि ते निषिद्ध बोअरचे, म्हणजे सामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापाचे, निघाले तर प्रकरण आणखी जड होते. वकिलाबरोबर जाऊन, वडिलांच्या सामानात ते अमुक तारखेला सापडले असा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या. ‘रात्री नदीत टाकून द्या’ असा सल्ला देणारे हितचिंतक भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

पारखी (बडोदा):

कायद्याचे काकांनी नेमके सांगितले, मी फक्त मोलाबद्दल लिहितो. फोटो पाहून आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून मीही आकडा सांगणार नाही. काय पाहिले जाते तेवढे सांगतो.

दुनळीपासून सुरुवात करू. ग्रीनर या नामांकित इंग्रज बंदूककाराचे नाव कोरणे सोपे आहे आणि आपल्याकडे ते पुष्कळांनी कोरले आहे, त्यामुळे नावावर जाऊ नये. दुकानदाराकडे नळ्या उतरवल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचे ठसे दिसतात का, ते पाहायला सांगा. मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरे असतील, तर त्या नळ्या धूररहित दारूसाठी तपासलेल्या आहेत. नळीवर पाण्यावरच्या लाटांसारखी किंवा गुंडाळलेल्या दोरीसारखी नक्षी असेल, तर ती लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली दमास्कस नळी आहे. दिसायला ती सर्वांत देखणी असते, पण काळ्या दारूच्या काळातली असल्यामुळे आजचे काडतूस तिच्यात घालणे धोक्याचे ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे काडतुसाच्या खोबणीची लांबी. जुन्या इंग्रजी दुनळ्यांत ती अडीच इंच, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटर असते. आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात बसते, म्हणून लोकांना वाटते की चालते. पण फुटल्यावर त्याचे तोंड उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. या तीन गोष्टींवर वापरायची बंदूक आणि संग्रहाची बंदूक अशी फाळणी होते आणि दोन्हींचे गिऱ्हाईक वेगळे असते.

विलायती बंदुकांना आपल्याकडे जो भाव येतो, त्यामागे घडणीइतकाच तुटवडाही आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बाहेरून बंदूक आणणे जवळजवळ बंद झाले, त्यामुळे देशात आधीपासून असलेल्याच फिरत राहतात. .३१५ रायफलीला चंबळच्या पट्ट्यात मागणी कायम आहे, मात्र ईशापूरची नवी रायफलही मिळत असल्यामुळे जुन्या रायफलीचा भाव तिच्या वर जात नाही. तिथे फार वेळ घालवू नये.

आता तोडेदार. मला विचाराल तर आपल्या कपाटात खरा ऐवज हाच असावा. भिंग घेऊन सोनेरी वेलबुट्टीत जिथे सोने झिजले आहे तिथे पाहा. कोफ्तगरीत, म्हणजे सोने जडवण्याच्या कामात, पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा खरडून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवतात, त्यामुळे सोने उडाले तरी त्या रेघांची जाळी खाली दिसते. जाळी नसेल आणि खाली नुसता गुळगुळीत पृष्ठभाग असेल, तर तो वरून दिलेला मुलामा आहे आणि बंदूक शोभेच्या बाजारासाठी केलेली असू शकते. ‘टॉवर’ बंदुकीबाबतही सावध राहावे. मुकुट व ‘टॉवर’ हा इंग्रज सरकारी बंदुकांचा ठसा, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर मागच्या पायांवर उभा सिंह असे, आणि देशी कारागिरांनी विलायती ठशांच्या हुबेहूब नकला केलेल्या आहेत. अक्षरांची अंतरे विषम असतील, एखादे अक्षर उलटे असेल, तर नक्कल समजावी. अर्थात १९व्या शतकातली देशी नक्कल ही स्वतःच संग्राह्य वस्तू असते, तिला खोटी म्हणून फेकून देऊ नये.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२च्या पुरावस्तू कायद्याने ते बंद आहे. परदेशातल्या लिलावांचे आकडे पाहून भावाने हिशेब मांडला असेल, तर तो तिथेच सोडून द्यावा.

राजवाड्याजवळचा (इंदूर):

एकच गोष्ट लिहितो, कारण ती मला महागात पडली. आजोबांची एक दुनळी मी विकण्याआधी ‘नवीसारखी’ करून घेतली. ज्याच्याकडे दिली त्याने नळ्या चक्रावर घासून नवा निळा रंग चढवला आणि दस्त्याला चकचकीत वॉर्निश लावले. बंदूक आरशासारखी झाली, पण ठसे अर्धे पुसले गेले आणि कोरीव कामाच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या. नंतर आलेल्या पारख्याने ती हातात घेऊन दोन मिनिटांत परत खाली ठेवली. तेव्हा ताई, काळवंडलेपणा तसाच राहू द्या. पितळ पुसायची पेस्ट, चिंच, राख, काहीही लावू नका. लाल गंज वाढत असेल तर हलक्या तेलाचा हात पुरे, आणि तोही बंदूक रिकामी असल्याची जाणकाराने खात्री केल्यावरच.

ठाण्याच्या मालखान्यापेक्षा दुकानदाराकडे जमा करणे मला बरे वाटते. भाडे पडते, पण आमची रायफल मालखान्यातून दोन पावसाळ्यांनी परत आली तेव्हा तिचा बोल्ट हातोडीने उघडावा लागला होता. कुठेही द्या, पावतीवर क्रमांकाबरोबर स्थितीही लिहून घ्या, म्हणजे ‘दस्त्याला तडा होताच’ असे नंतर कोणी म्हणणार नाही.

जनकगंजची लेक (ग्वाल्हेर):

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सांगण्यावरून वकिलांमार्फत ठाण्यात अर्ज दिला आणि परवानाधारक दुकानदारांना त्यांच्या कारागिरासह घरी बोलावले, कारण स्वतः बंदुका घेऊन रस्त्याने जाणे योग्य नव्हते. रिव्हॉल्व्हर पंचनामा करून ठाण्याने ताब्यात घेतले. काडतुसांचा डबा दुकानदारांनी जमा करून घेतला.

एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारागिराने ‘टॉवर’ बंदुकीच्या नळीत तिचाच गज (दारू ठासण्याची सळई) अलगद सोडला, तोंडाशी बोटाने खूण धरली, बाहेर काढून तो नळीला समांतर लावला, आणि गजाचे टोक कानापासून चार बोटे अलीकडेच थांबलेले दिसले. म्हणजे आत ठासलेली दारू आणि गोळी अजून होती. वडिलांनी, त्याआधी आजोबांनी आणि कदाचित पणजोबांनीही ती भरलेली बंदूक दर खंडेनवमीला पाटावर मांडून पुसली होती आणि आम्ही तिच्या तोंडासमोर बसून हळदकुंकू वाहत होतो. कारागिराने ती वेगळी नेऊन रिकामी केली.

तोडेदारच्या नळीवर भिंगाखाली रेघांची जाळी स्पष्ट दिसली. दुनळीवर ‘एनपी’चा ठसा नाही. भाऊ आता विकण्याची घाई करत नाही, पण बहिणीला तलवारी इंदूरला न्यायच्या आहेत. त्यांना परवाना लागतो का? आणि दुनळी आम्ही थेट ओळखीच्या माणसाला विकू शकतो का?

निवृत्त कारकून (ग्वाल्हेर):

नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना शस्त्र कायद्याच्या कलम ४ची सरकारी अधिसूचना जिथे लागू असेल तिथेच परवाना लागतो, म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत विचारून, वारसांच्या यादीची प्रत बरोबर ठेवून तलवारी न्याव्यात. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर तेवढे दिवस थांबावे, आपल्या भागात त्या काळात परवान्याच्या बंदुकाही जमा करायला लावतात.

दुनळी आज थेट विकता येणार नाही, कारण ती कोणाच्याच परवान्यावर नाही. एक तर तिघांच्या संमतीने ती जमा असलेल्या दुकानातूनच परवानाधारकाला विकावी, किंवा आधी आपल्यापैकी एकाच्या परवान्यावर चढवावी. परवान्यावर चढल्यानंतर विकायची झाल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा ठाण्याला घेणाऱ्याच्या तपशिलासह लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. त्या पत्राचीही पोच घ्या.