मदत हवी आहे : कायमची पिशवी की जे-पाऊच?

माझे थोरले बंधू (वय ४१, खानापूर तालुका) गेली ९ वर्षे अल्सरेटिव्ह कोलायटिसने (मोठ्या आतड्याला सूज व व्रण) आजारी आहेत. मेसालामीन, स्टिरॉइड, ॲझाथायोप्रिन आणि शेवटी इन्फ्लिक्सिमॅब ही औषधे देऊनही शौचातून जाणारे रक्त थांबलेले नाही. दिवसाला १४-१५ वेळा जावे लागते, आणि शौचालय गोठ्यापलीकडे असल्यामुळे भर पावसात रात्रभर बॅटरी घेऊन त्यांच्या फेऱ्या चालू असतात. बायोप्सीत क्रोन्सची (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) चिन्हे आढळलेली नाहीत. पथ्य व आयुर्वेद करून झाले आहे, त्यामुळे ते कृपया सुचवू नये.

बेळगावच्या सर्जननी दोन मार्ग सांगितले आहेत. एक, मोठे आतडे व गुदाशय काढून शौच जमा होण्यासाठी पोटावर कायमची पिशवी, जी बहुधा एकाच शस्त्रक्रियेत होते. दुसरा, लहान आतड्याच्या टोकाचा जे-पाऊच (पोटाच्या आतच शिवलेली J आकाराची पिशवी, म्हणजे शौच नेहमीच्या मार्गाने होते), ज्यासाठी दोन-तीन टप्पे, मध्ये काही महिने तात्पुरती पिशवी, आणि पुढेही दिवसाला पाच-सहा वेळा शौच व पाऊचला सूज येण्याची शक्यता. बंधूंचा कल पाऊचकडे आहे. मला मात्र हिमोग्लोबिन ८ असताना वारंवार भूल देण्याची धास्ती वाटते (घरात ही भीती एकट्या मलाच आहे).

आमची भातशेती असून रोपलावणीला दिवसभर चिखलात वाकावे लागते. अशा कामात, घामाने व पावसाने पिशवीची चिकटपट्टी किती दिवस टिकते? आणि ज्यांनी जे-पाऊच करून घेतला, त्यांना शेवटच्या टप्प्यानंतर किती महिन्यांनी शेतात उतरता आले?