बेळगावात भर दुपारी स्ट्रिंग क्वार्टेट: काय वाजवायला सांगू, कुठं बसवू?

टिळकवाडीकर:
मंडळी, सल्ला हवाय. संगीत शिकणारी चार तरुण पोरं (दोन व्हायोलिन, व्हायोलिनपेक्षा जरा मोठा आणि खालच्या सुराचा व्हायोला, आणि बसून वाजवायचा मोठा चेलो) दुपारी एक ते पावणेदोन वाजवायला तयार आहेत. आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं मावतात. येणारे म्हणजे वकील, बँकवाले, रिटायर्ड मंडळी. सगळ्यांचे कान ख्यालावर आणि नाट्यगीतावर पोसलेले. कमिटी म्हणते हिंदी गाण्यांच्या धून वाजवू द्या, नाहीतर लोक उठून जातील. एक जण तर मोठं रंगमंदिर घेऊन माइक लावा म्हणतो. काय करू?

कॅम्पातली:
धून अजिबात नको. त्या ऐकायला ऑर्केस्ट्रे आहेत की. ड्वोर्झाक या चेक संगीतकाराचं 'अमेरिकन' क्वार्टेट सांगा, ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ९६. १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक लोकांच्या गावी राहून लिहिलेलं. सुरुवातीलाच व्हायोला जी चाल घेते तिच्यात पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध. भूप ऐकत वाढलेला माणूस मान वर करणारच. राग म्हणून ऐकू नका एवढं मात्र आधी सांगा, पुढं ते भलतीकडंच जातं. पंचवीसेक मिनिटं लागतात.

खानापूरकर:
त्याच्या आधी हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराचं क्वार्टेट ठेवा. ओपस ३३ मधलं दुसरं, 'जोक' म्हणतात ते, १७८१ चं. शेवटी चाल तुकड्या-तुकड्यानं येते, मधे शांतता. लोकांना वाटतं संपलं, टाळ्या पडतात, आणि परत चालू! टाळी कधी वाजवायची हे कळत नाही म्हणून लाजणाऱ्यांना हायडननंच सोडवलंय. निवेदकानं हे फोडू नये. आणि निवेदन मराठी-कन्नड दोन्हीत, दोन-दोन वाक्यं, बस्स. आपल्याकडं पाहुण्यांचा परिचय मैफलीपेक्षा लांबतो.

निपाणीहून:
उपाशी पोटी कोण ऐकणार हो? जेवणाचं काय?

कॅम्पातली:
डबा नंतर. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली होती. १९३९ च्या ऑक्टोबरपासून मायरा हेस या पियानोवादिकेनं तिथं दुपारचे कार्यक्रम चालवले, १९४६ पर्यंत. तिकीट एक शिलिंग. ऑफिसातली माणसं जेवणाच्या सुटीत यायची. बेळगावचे वकील तेवढं करतील की.

चेलोवाला (पणजी):
रंगमंदिर नको, माइक तर नकोच. चौघं एकमेकांचा श्वास बघून सुरू करतात, मधे ना तबला ना हातानं ताल दाखवणारा कंडक्टर. माइक लावला की चारी आवाज एकाच स्पीकरमधून येतात, कोण कुणाला उत्तर देतंय ते कळत नाही. वाचनालयाचा हॉलच बरा. पहिल्या रांगेतल्याला गजाचं घासणंसुद्धा ऐकू येतं, तीच तर मजा.

आता कामाचं. खुर्च्या हातांशिवायच्या हव्यात, नाहीतर कोपर अडतं. गुळगुळीत फरशीवर चेलोची खालची लोखंडी टोकदार सळई घसरते. नुसती सतरंजी टाकली तर तीही सरकते, म्हणून तिची कड खुर्चीच्या पुढच्या पायांखाली दाबा. पंखा वाजवणाऱ्यांच्या डोक्यावर नको, समोरचे नोटेशनचे कागद उडतात. बंद करता येत नसेल तर कपड्यांचे चिमटे आणून ठेवा. खिडकीतून ऊन सरळ वाद्यांवर यायला नको, लाकूड तापलं की सूर हलतात. पोरांना अर्धा तास आधी रिकाम्या हॉलमध्ये वाजवू द्या.

खानापूरकर:
आणि हार-शाल शेवटी. मधे स्टेजवर कुणी चढलं की संपलं.

टिळकवाडीकर:
हायडन आणि ड्वोर्झाक ठरलं, पोरांना दोन्ही बसलेली आहेत म्हणे. कमिटीला सा रे ग प ध सांगितलं, तेव्हा पेटीवाले काका एकदम आमच्या बाजूला आले. पंख्याचं बघतो. बिनहाताच्या खुर्च्या मात्र मंडपवाल्याकडं नाहीत, सगळ्या प्लॅस्टिकच्या हातवाल्या. शहापूर-वडगावकडं कुणाकडं चार साध्या लाकडी खुर्च्या आहेत का? रिक्षा मी पाठवतो.